शेतातली पेटी आणि पावणेदोनचा गजर

रात्री पावणेदोनचा गजर. कुणाला पहाटेची एसटी पकडायची नाही, लेकरांची परीक्षाही नाही. तरी आमच्या घरात कित्येक वर्षे तो वाजत आला. गजर झाला की हे मुकाट्याने उठत, डोक्याला मफलर गुंडाळीत आणि बॅटरी व काठी घेऊन मोटारसायकल बाहेर काढीत. त्या आठवड्यात शेतीच्या लाईनला रात्रीचा फेज असे. लाईट दोनला येणार म्हणजे मोटारही दोनला सुरू व्हायला हवी. नाहीतर ज्वारीचे भिजवण पुरे व्हायचे कसे?

आमचे घर वडवणीत आणि शेत चार किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगराच्या अंगाला. वडवणी १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झाली. कचेऱ्या आल्या, दुकाने वाढली. पण आमच्यासारख्या पुष्कळ घरांचा एक पाय बाजारपेठेत आणि दुसरा अजून बांधावरच आहे. दिवसभर दुकान आणि रात्री मोटार, असा ह्यांचा दिनक्रम.

कधी तिथे जाऊन बघावे तर तीनपैकी एक फेज गायब. कधी मोटार सुरू करून घरी यावे, तोवर लाईट गेलेली. एकदा विहिरीच्या वाटेवर साप आडवा पडलेला. हे सांगायचे हसत हसत, पण मोटारसायकलचा आवाज परत येईपर्यंत मी इकडून तिकडे कूस बदलत पडून राहायची. शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "आला का गं?" त्यांचाही डोळा लागलेला नसे. माझ्या सासऱ्यांसाठी हाच प्रश्न त्यांनी स्वतःला किती रात्री विचारला असेल, कोण जाणे!

दोन वर्षांपूर्वी शेतातल्या स्टार्टरशेजारी एक लहानशी पेटी बसली आणि गजर बंद झाला. ही पेटी आहे तरी काय, तिला वीज कुठून मिळते, ती फोनशी बोलते कशी आणि एका सकाळी तिने आमच्या काळजाचे पाणी कसे केले, ते आज मैत्रिणींना सांगावेसे वाटले. पेटी बसवताना पुरुषमंडळी पुढे असतात हे खरे. पण 'लाईट आली' हा निरोप पुष्कळदा घरात आपल्याच कानी येतो.

दूरवरचे बोट

शेतातल्या स्टार्टरला दोन बटणे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. हिरवे दाबले की आत 'खट्' असा आवाज होऊन वीज मोटारीकडे जाते. लाल दाबले की ती तुटते. आमच्या पेटीचे काम एवढेच, की आपल्याऐवजी ही बटणे तिने दाबायची. तिच्यात एक सिमकार्ड असते. घरून तिला फोन लावला की ती नंबर ओळखते आणि आतला एक छोटा स्विच मिटवते. ते झाले हिरवे बटण! दुसऱ्या स्विचने लाल बटणाचे काम होते. मोटार सुरू झाली की तसा निरोप फोनवर येतो.

ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रातली आहे, बरं का. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालवण्याचे 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केले. म्हाताऱ्या आजोबांना पंपासाठी शेतापर्यंत कराव्या लागणाऱ्या पायपिटीतून त्यांना ते सुचले. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या यंत्राचा गौरव झाला. पुढे अशा पेट्या अनेकांनी काढल्या आणि आज तालुक्याच्या बाजारातही त्या मिळतात.

पेटी आणखी एक चाकरी करते. मोटार किती करंट ओढते आहे, त्यावर तिची नजर असते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले की मोटार रिकामी फिरते आणि करंट कमी होतो. ते ओळखून पेटी मोटार बंद करते. रिकामे जाते फिरवले तर दगडाला दगड घासतो, तशीच ही गोष्ट. आमच्या भागात मार्चनंतर हे काम फार मोलाचे ठरते. मोटार जळाली की ती विहिरीतून काढा, वाइंडिंगला न्या, तोवर पीक वाळते.

आधी वीज, मग बोलणे

आमची पेटी पहिल्या दिवशी सुरेख चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. तिसऱ्या दिवशी मात्र तिचा निरोप आला, 'लाईट नाही'. शेजारच्या शेतातली मोटार तर धडधडत होती! दोन दिवस असेच गेले. पेटी खोटी लागली म्हणून परत करायचे ठरले. तेवढ्यात दुसऱ्या एका वायरमनने झाकण उघडून पाहिले आणि तो हसायलाच लागला.

झाले होते ते असे. पेटीलाही चालायला वीज लागते. ती स्टार्टरमध्ये लाईट येते त्या बाजूने घ्यावी लागते. आमच्याकडे ती मोटारीकडे जाणाऱ्या बाजूने जोडली होती. म्हणजे मोटार चालू असेल तेव्हाच पेटी जागी, आणि पेटी जागी असेल तरच मोटार चालू होणार! सून उठल्याशिवाय चहा नाही आणि चहा घेतल्याशिवाय सून उठत नाही, असा तो प्रकार. पहिले दोन दिवस ती आतल्या छोट्या बॅटरीवर तगली होती, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही.

ही बॅटरी कशासाठी, हेही समजून घ्यावे. लाईट गेली तर 'लाईट गेली' हे सांगायला पेटी जिवंत राहायला हवी ना! त्यासाठी ती बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते. लाईट गेल्यावर पूर्वी येणारा निरोप येईनासा झाला, तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. लगेच नवी पेटी घ्यायची गरज नसते.

आणखी एक. शेतातल्या तीन फेजच्या तारांत ४१५ व्होल्टचा दाब असतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगमध्ये २३० असतो. पेटीच्या आतल्या मेंदूला मात्र ५ किंवा १२ व्होल्ट पुरतात. मोठी वीज लहान करून घेण्याची सोय पेटीतच केलेली असते. म्हणून आतली बारीक तार बघून 'ह्यात काय लागतंय' असे म्हणू नये. त्याच पेटीच्या दुसऱ्या टोकाला ४१५ व्होल्ट येऊन बसलेले असतात.

सिमकार्डाचे रुसवे

वीज मिळाली, तरी पेटी मुकीच. आता सिमचे रुसवे सुरू झाले. काही जुन्या धर्तीच्या पेट्या फक्त २जीवर बोलतात. त्यांच्यात केवळ ४जी आणि ५जी चालवणाऱ्या कंपनीचे सिम घातले तर त्या ढिम्म राहतात. आमचे तेच झाले होते. पेटी घेतानाच दुकानदाराला विचारावे, "हिला कोणतं सिम चालतं?" आणि शेतात विहिरीपाशी उभे राहून त्या कंपनीची रेंज आपल्या फोनवर पाहून घ्यावी. गावात रेंज आहे म्हणजे शेतात असेलच असे नाही.

सिमला पिनचे कुलूप असेल तर ते आधी साध्या फोनमध्ये घालून काढून टाकावे. पेटी काही पिन दाबत बसणार नाही. रिचार्जची तारीख तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी. दूधवाल्याच्या खुणा करतो त्याच कॅलेंडरवर. पेटीला इंटरनेट लागत नसेल तर नेटचे महागडे रिचार्ज कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने फक्त बोलणे आणि एसएमएससाठीचे वेगळे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे.

उरला एरियल. पेटी पत्र्याच्या मोठ्या खोक्यात ठेवली आणि एरियलही आतच राहिला, तर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे होते. पत्र्यातून रेंज नीट जात नाही. एरियलची तार बाहेर काढून तो उंचावर लावला आणि आमची पेटी एकदाची बोलू लागली. त्या रात्री दोन वाजता ह्यांनी पांघरुणातूनच फोन लावला. मिनिटभरात निरोप आला, 'मोटार चालू'. पलीकडून सासूबाईंनी विचारले, "गेला का रं?" हे म्हणाले, "नाही गं माय, इथंच हाये." सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझा नंबर कुठे आहे?

थोड्याच दिवसांत हे एका लग्नासाठी परभणीला गेले. ज्वारी पोटऱ्यात आलेली, पाण्याची नड. दुपारी लाईट आल्याचे शेजारणीकडून कळले. मी पेटीला फोन लावला. घंटी वाजली आणि फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ह्यांचा फोन मांडवातल्या वाजंत्रीत कुणाला ऐकू येणार! तीन तास लाईट राहिली आणि गेली. पाण्याचे एक पाळे बुडाले.

कारण अगदी साधे होते. पेटी फक्त ओळखीच्या नंबरांचे ऐकते. तसेच असायला हवे, नाहीतर कुणीही चुकून फोन लावला तरी मोटार सुरू व्हायची. पण ओळखीचे नंबर म्हणून आत होते ह्यांचा आणि भावजींचा. घरात चोवीस तास असणाऱ्या माझा नंबर घालावा, हे कुणाला सुचलेच नव्हते. मलाही नाही, हे कबूल करते.

आमच्या जिल्ह्यातली कितीतरी माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी नोकरीला संभाजीनगर-पुण्याला. मागे शेत कोण बघते? म्हणून, मैत्रिणींनो, पेटी बसेल त्याच दिवशी आपला नंबर तिच्यात घालून घ्या. आणि तो कसा घालायचा, कसा काढायचा, हे त्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या. पेटीला बाजारातून येताना एक ठरावीक पासवर्ड असतो, अनेकदा १२३४ सारखा. तोही तेव्हाच बदलून घ्यावा.

त्या सकाळचा फोन

आता जे सांगायचे, त्यासाठीच खरे म्हणजे मी लिहायला बसले.

माझा नंबर पेटीत गेला. मला मोठा अभिमान! पोळ्या लाटता लाटता मी मोटार सुरू करीत असे. एका सकाळी साडेनऊला निरोप आला, 'लाईट आली'. मी कणकेचा हात पुसला आणि फोन लावला.

त्याच वेळी धाकटे भावजी स्टार्टरपाशी उभे होते. मोटारीकडे जाणारी तार ढिली झाली होती, ती ते आवळत होते. लाईट नव्हती म्हणून निर्धास्त. लाईट आल्याचे त्यांनी पाहिलेही. पण लाल बटण दाबलेले आहे, मोटार बंद आहे, मग भीती कसली, असे त्यांना वाटले. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दोन स्क्रूंच्या मध्ये होते आणि 'खट्' असा आवाज झाला.

तो आवाज माझ्या फोनचा होता.

डोळे दिपवणारी ठिणगी उडाली, फ्यूज गेले आणि भावजी मागे मातीत जाऊन पडले. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ जाड प्लास्टिकची होती आणि पायात बूट होते, म्हणून अंगठा भाजण्यावर निभावले. स्क्रू-ड्रायव्हरचे वितळलेले टोक घेऊन ते घरी आले. माझ्यावर कुणी एका शब्दाने रागावले नाही. पण दिवसभर माझ्या हाताला कापरे होते. चार दिवस मी त्या फोनला शिवले नाही.

यात चूक कुणाची? भावजींची? लाल बटणाने मोटार थांबते, पण स्टार्टरमध्ये लाईट तशीच उभी असते, हे ते विसरले. माझी? शेतात कुणी आहे का, हे मी विचारले नाही. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आजवर मोटारीचे बटण ज्याच्या हाताखाली, तोच मोटारीपाशी उभा असे. आता बटण चार किलोमीटर लांब गेले. दाबणाऱ्याला तिथले दिसत नाही आणि तिथल्याला दाबणारा दिसत नाही. सोय झाली, तशी जबाबदारीही वाढली, हे घरात बसून ठरवायला हवे होते. ते आम्ही ठरवले नव्हते.

शेवटी सासूबाईंनी कायदा केला. म्हणाल्या, "जो मोटारीला हात लावल, त्यानं आधी फ्यूज काढून आपल्या खिशात घालावं. घरी येऊन ते माझ्या हातात दाखवावं. मग कितीबी फोन लावा!" कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला असली की चोराची भीती नाही, असा त्यांचा साधा हिशेब. नंतर एका जाणत्या वायरमनला विचारले, तर तोही म्हणाला की याहून चांगला नियम नाही. मेन स्विच खाली ओढायचा, फ्यूज खिशात घालायचे, टेस्टरने बघायचे आणि मगच हात लावायचा.

'ऑटो'चा मोह

पेटीत 'ऑटो' नावाची सोय असते. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. फोनचीही गरज नाही. ऐकायला गोड वाटते, पण महावितरणचे लोक अशा ऑटोस्विचला नेहमी नको म्हणतात आणि त्याला कारण आहे. गेलेली लाईट परत येताच एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांचा झटका एकदम बसला की डीपी जळते. मग साऱ्या शिवाराची मोटार बंद आणि नव्या डीपीची वाट बघणे. हळदीकुंकवाला साऱ्या जणी एकाच वेळी दारातून शिरू लागल्या तर कसे व्हायचे, तसेच हे. म्हणून आम्ही ऑटो बंदच ठेवतो. लाईट आल्यावर जरा थांबून, शेतात कुणी नाही याची खात्री करून फोन लावतो.

घरच्या टाकीचेही तेच

ज्यांचे शेत नाही, त्यांनी पान उलटू नये. गच्चीवरची टाकी भरली की बोअरची मोटार बंद करणारी, फोनवर पाणी किती ते दाखवणारी पेटी आता घरोघर येऊ लागली आहे. ती सिमऐवजी घरातल्या वायफायवर चालते. तिचेही दोनच प्रश्न: वीज आणि बोलणे.

विजेसाठी तिला सोबत आलेलाच अ‍ॅडाप्टर लावावा. ड्रॉवरमध्ये चार अ‍ॅडाप्टर असतात, पिन बसते म्हणून कुठलाही लावला जातो आणि पेटी जळते. त्यावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत.

बोलण्यासाठी राउटरच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. बहुतेक पेट्यांना २.४चीच भाषा येते आणि तीच भिंतीपलीकडे जास्त लांब पोचते. पेटी फोनवर दिसत नसेल तर आधी हे तपासावे. राउटर पत्र्याच्या कपाटात किंवा फ्रिजमागे ठेवू नये. लाईट जाऊन आली की राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. लगेच पेटी बिघडली म्हणून वायर ओढू नये.

भिंतीवर लावून ठेवा

१. पेटीची वीज लाईट येते त्या बाजूने जोडली आहे का, ते जोडणाऱ्याकडून दाखवून घ्या. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करावी.

२. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

३. फोन लावण्यापूर्वी एकच प्रश्न: "शेतात कोण आहे?" उत्तर मिळाले नाही तर फोन लावू नये.

४. मोटारीला हात लावणाऱ्याने मेन स्विच ओढून फ्यूज खिशात घालावेत.

५. ओल्या हाताने, अनवाणी पायाने पेटी उघडू नये. आकाशात विजा चमकत असतील तर तिकडे फिरकूच नये.

६. सिमची तारीख, पेटीचा नंबर आणि नवा पासवर्ड एका वहीत लिहून ठेवावा.

राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. कुणी शेतात सौर पंपच बसवले आहेत. सगळीकडे दिवसाची लाईट नीट आली की रात्रीचा हा विषय संपेल. पण फोनवरची पेटी राहणारच, कारण माणसे कामाला दूर जाणारच.

भाजलेल्या अंगठ्याची खूण भावजींच्या हातावर अजून आहे. परवा ते शेतातून आले आणि जेवायला बसण्याआधी त्यांनी खिशातून तीन फ्यूज काढून सासूबाईंच्या पुढे ठेवले. सासूबाईंनी ते मोजले आणि मला म्हणाल्या, "वाढ गं त्याला." फोन माझ्या शेजारीच ओट्यावर होता. 'लाईट आली' असा निरोप येऊन पडला होता. मी तो वाचला आणि आधी भाकरी वाढली.